बिग बॉय आणि त्याचे भाऊबंद: अमेरिकेतली राक्षसी वाफेची इंजिनं नीट कशी बघायची

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. नुसती हॉर्सपॉवर बघायची असेल तर त्यासाठी अमेरिकेचं तिकीट काढायची काहीच गरज नाही, कल्याणला प्लॅटफॉर्मवर उभे राहा, मालगाडी ओढत डब्ल्यूएजी-९ हे विजेचं इंजिन जाईल, ते सहा हजार हॉर्सपॉवरचं असतं. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या बिग बॉयची ताकद १९४३ च्या टेस्टमध्ये मोजली तेव्हा ६,३०० च्या आसपास भरली होती, म्हणजे जवळपास तेवढीच. मधेपुऱ्याला बनतं ते डब्ल्यूएजी-१२ तर १२,००० चं. पण डब्ल्यूएजी-९ बघायला कोणी सुट्टी टाकून जात नाही आणि बिग बॉय जाणार अशी नुसती बातमी आली की नेब्रास्कातल्या शेतांच्या कडेला लोक फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून तासन् तास बसतात.

का, तर माझ्या मते उत्तर सोपं आहे. इलेक्ट्रिक इंजिनात जे काय चाललंय ते सगळं पत्र्याच्या आत चाललेलं असतं, बाहेर तुम्हाला फक्त पंख्यांचा आवाज. वाफेच्या इंजिनाचं अर्ध्याहून जास्त काम उघड्यावर चालतं. जोर कुठून आला, कुठे गेला, कुठे कमी पडतोय, सगळं दिसतं आणि ऐकू येतं. फक्त बघायचं कुठे आणि ऐकायचं काय हे माहीत पाहिजे, नाहीतर माणूस "केवढं मोठ्ठं आहे रे" म्हणतो, चाकाला टेकून एक सेल्फी काढतो आणि पाच मिनिटांत कॅफेटेरियाकडे वळतो. तर ते होऊ नये म्हणून हे लिहितोय, तिकडे राहणाऱ्यांसाठी आणि मुलांकडे सहा महिने गेलेल्या आईबाबांसाठी पण.

पहिलं इंजिन उभं असलेलं बघा, चालतं नंतर

लोक उलटं करतात, डायरेक्ट चालतं इंजिन बघायला धावतात. चालतं बिग बॉय तुमच्या समोरून अर्ध्या मिनिटात निघून जातं आणि डोळ्यांना काय बघायचं ते माहीत नसेल तर नुसता धूर लक्षात राहतो. त्यामुळे आधी म्युझियम.

बिग बॉय एकूण २५ बनली, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला, अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीच्या कारखान्यात. २० बनली १९४१ मध्ये, ५ बनली १९४४ मध्ये. त्यातली ८ अजून आहेत आणि ही आठ देशभर पसरलेली असल्यामुळे एखादं तुमच्या पल्ल्यात असण्याचा चान्स बरा आहे. न्यू जर्सीवाल्यांनो, एडिसनहून साधारण दोन तासांवर स्क्रँटनला स्टीमटाऊन आहे, तिथे ४०१२ उभं आहे (त्या भागात ते कामाला कधीच नव्हतं, नुसतं आणून ठेवलंय, पण आहे). डॅलसवाल्यांना फ्रिस्कोमध्ये ४०१८, म्हणजे घरामागेच. डेन्व्हरला फॉर्नी म्युझियममध्ये ४००५ छपराखाली आहे, त्यामुळे बर्फातही जाता येतं. ग्रीन बेला ४०१७, सेंट लुईसला ४००६, ओमाहाला हायवेच्या कडेला टेकडीवर ४०२३, आणि शायेनला हॉलिडे पार्क नावाच्या साध्या बागेत ४००४. आठवं म्हणजे ४०१४, ते चालतं, त्याच्याबद्दल खाली.

काही ठिकाणी कॅबमध्ये चढू देतात, काही ठिकाणी नाही, आणि हे नियम बदलत असतात म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा. चार तास गाडी हाकून कुंपणाबाहेरून बघण्यात मजा नाही.

मागून पुढे बघत जा

ही या लेखातली मेन टीप आहे. सगळे लोक इंजिनाच्या तोंडाशी जातात कारण फोटो तिथे चांगला येतो. तुम्ही मागून सुरुवात करा, टेंडरपासून, म्हणजे जोर ज्या दिशेने जातो त्याच दिशेने तुम्ही पण चालाल.

टेंडर म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा. त्यात २८ टन कोळसा आणि २४,००० गॅलन पाणी, म्हणजे ९० हजार लिटरच्या वर. हे ऐकून लोकांना वाटतं दिवसभर पुरत असेल, पण पूर्ण जोर लावला की काही तासांतच पाणी भरायला थांबावं लागायचं. आता कॅबमध्ये बघा, फायरमनच्या बाजूला. एवढा कोळसा फावड्याने टाकणं माणसाच्या हातचं कामच नव्हतं, म्हणून खालून एक मोठा स्क्रू फिरतो आणि तो टेंडरमधला कोळसा ढकलत भट्टीपर्यंत आणतो, तिथून वाफेचे झोत तो कोळसा आत उडवतात. त्याला स्टोकर म्हणतात. फायरमनचं काम झडपा सांभाळायचं आणि आगीकडे बघत राहायचं.

भट्टीच्या तोंडाशी दार उघडं ठेवलं असेल तर आत वाकून बघाच. आग जिथे पसरते ती जाळी १५० चौरस फुटांची आहे. आत उभं राहून माणूस आरामात फेऱ्या मारेल. इथे जरा थांबा, कारण खरी ताकद इथे आहे, चाकांत नाही. चाकं कितीही लावता येतात हो, वाफ कुठून आणणार? ईरी रेल्वेने १९१४ मध्ये नेमकं हेच करून बघितलं, बाल्डविन कंपनीकडून तीन संच चाकांचं इंजिन बनवून घेतलं, तिसरा संच तर चक्क टेंडरच्या खाली. ओढायची ताकद अफाट, पण सहा सिलिंडरांना पुरेल एवढी वाफ बॉयलरला करताच येईना, जरा वेग घेतला की दम संपला. ओळीने चाकं बघून हुरळून जायचं नाही ते यासाठी.

भट्टीपासून पुढे ते लांबलचक नळकांडं म्हणजे बॉयलर. आपल्याकडे आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब असायचा ना, मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, तत्त्व अगदी तेच, फक्त इथे एका नळीऐवजी नळ्यांचं जंगल आहे आणि आतलं प्रेशर ३०० पौंड प्रति चौरस इंच. भट्टीतला जाळ आणि गरम धूर त्या नळ्यांतून पुढे जातो, भोवतीच्या पाण्याची वाफ होते.

आता चाकांशी या. प्रत्येक मोठं चाक ६८ इंची, म्हणजे पावणेसहा फुटांच्या जवळ, शेजारी माणूस उभा करून फोटो काढायचा असेल तर इथे काढा. आकडा लिहितात ४-८-८-४. पुढे चार छोटी चाकं, मग आठ मोठी, परत आठ मोठी, मागे चार छोटी. दोन्ही बाजूंची मिळून मोजायची, एका बाजूने मोजलं तर निम्मीच दिसतील आणि मुलं भांडतील.

आठ-आठचे दोन संच वेगळे का, हे समजलं की इंजिन अर्धं समजलं. सोळा मोठी चाकं एकाच सरळ लोखंडी चौकटीत बसवली असती तर वळणावर रुळावरून उतरली असती. म्हणून मागचा संच बॉयलरला पक्का जोडलाय आणि पुढचा संच मागच्याला बिजागरीने जोडलाय, त्यावर बॉयलर नुसता टेकलेला असतो आणि सरकतो. पुढच्या संचाजवळ खाली वाकून बघितलं तर ती टेकणी दिसते. वळणावर चाकं रुळाबरोबर वळतात आणि बॉयलर मात्र सरळच राहतो, त्यामुळे त्याचं तोंड रुळाच्या बाहेर लटकल्यासारखं दिसतं. फोटोत बघितलं तर वाटतं इंजिन पडतंय की काय. पडत नाही, ते तसंच बनवलंय.

सगळ्यात शेवटी तोंड. तिथे समोर दोन पंप लावलेत, ब्रेकसाठी हवा भरणारे. हे बनवून झालं तेव्हा कारखान्यातल्या कोणा कामगाराने तोंडावर खडूने "बिग बॉय" लिहून ठेवलं, रेल्वेच्या मनात नाव वॉसॅच द्यायचं होतं म्हणे, पण खडूवालं नावच चिकटलं. तो कामगार कोण ते कोणालाच माहीत नाही.

एवढं मोठं कशाला केलं

वॉसॅच हा युटामधला डोंगर. ऑग्डनहून वायोमिंगकडे चढताना १.१४ टक्क्यांचा चढ लागतो, म्हणजे ८८ फुटांना एक फूट. आपला बोरघाट ३७ ला १ आहे, दुपटीहून जास्त खडा, त्यामुळे पुणे-मुंबई केलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पण त्यांना ३,६०० टनांची मालगाडी न थांबता, मागे-पुढे जादा इंजिन न लावता वर न्यायची होती. आपल्याकडे कर्जतला बँकर लावतात तसं त्यांनाही लावायला लागायचं, त्यात वेळ जायचा, जादा ड्रायव्हर-फायरमन लागायचे, म्हणून युनियन पॅसिफिकच्या ओटो जाबेलमनच्या टीमने म्हटलं एकच इंजिन असं बनवू की बँकरची भानगडच नको.

मग टेंडर धरून लांबी १३२ फूट ९ इंच आणि वजन साधारण ५४८ मेट्रिक टन. फिरवायला १३५ फुटी टर्नटेबल बांधावे लागले. गंमत म्हणजे हे सगळं आपल्यापेक्षा अरुंद रुळांवर, त्यांचा गेज १,४३५ मिलिमीटर, आपला ब्रॉडगेज १,६७६. तरी आपलं मोठ्यात मोठं म्हणावं असं बंगाल नागपूर रेल्वेचं एन क्लास गॅरेट इंजिन २३४ टनांचं (दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये आहे, जरूर बघा). कारण रूळ किती रुंद यापेक्षा एका ॲक्सलखाली रूळ आणि पूल किती वजन झेलतात यावर सगळं ठरतं, आणि तिकडे ॲक्सलमागे ३० टन चालायचे.

बिग बॉय सोडून बाकीचे

बिग बॉयच सगळ्यात भारी असं म्हणणाऱ्याला डेट्रॉइटला पाठवा. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये चेसापीक अँड ओहायो रेल्वेचं ॲलेगेनी १६०१ आहे, लिमा कंपनीचं, २-६-६-६. टेस्टमध्ये याने जवळपास ७,५०० हॉर्सपॉवर दाखवलेत, म्हणजे बिग बॉयपेक्षा हजारावर जास्त. मागची छोटी चाकं सहा का, बघितलं की लगेच कळतं, वर भट्टीच एवढी जड आहे. या इंजिनाचा किस्सा पण भारी आहे. कंपनीने वजन कमी सांगितलं होतं, आणि तिकडे चालकांचा पगार इंजिनाच्या वजनावर ठरायचा, मग खरं वजन बाहेर आलं आणि रेल्वेला मागचा फरक द्यावा लागला. दुसरं ॲलेगेनी बाल्टिमोरच्या बी अँड ओ म्युझियममध्ये आहे.

बे एरियावाल्यांनी सॅक्रॅमेंटोच्या स्टेट रेलरोड म्युझियममध्ये ४२९४ बघावं, हे तर सगळ्यात वेगळं. याची कॅब पुढे आणि चिमणी मागे. सिएरा नेवाडात बोगदे आणि बर्फापासून वाचवायला बांधलेल्या लांबलचक लाकडी शेड, त्यात मोठं इंजिन शिरलं की धुराने ड्रायव्हर-फायरमन गुदमरायचे. सदर्न पॅसिफिक रेल्वेने इंजिनच उलटं फिरवलं. कोळशावर हे जमलंच नसतं कारण कोळसा ठेवलेला टेंडर दुसऱ्या टोकाला, पण यांची इंजिनं तेलावर चालायची आणि तेल काय पाइपातून कुठेही नेता येतं. अशी अडीचशेच्या वर होती, उरलंय हे एकच. याच्या कॅबपाशी उभं राहून समोर बघा, वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरला एवढं स्वच्छ पुढचं कधीच दिसत नसे.

आणि ज्यांना मागे डब्यात बसूनच जायचंय त्यांच्यासाठी वेस्टर्न मेरीलँड सीनिक रेल्वे, कंबरलँडहून फ्रॉस्टबर्ग. तिथलं १३०९ हे २-६-६-२, १९४९ मध्ये बाल्डविनने बनवलेलं, बिग बॉयपुढे लहान वाटेल पण जोड चाकांचंच आहे आणि तिकीट काढून बसता येतं. वॉशिंग्टन डीसीहून एका दिवसात होतं. रोज हेच इंजिन लावतात असं नाही, काही दिवस डिझेल असतं, बुकिंग करताना कुठलं इंजिन आहे ते वाचून घ्या.

आता चालतं इंजिन: ४०१४

बिग बॉयची शेवटची कामाची फेरी जुलै १९५९ मध्ये झाली. ४०१४ कॅलिफोर्नियातल्या पोमोनाला जत्रेच्या मैदानावर पन्नास वर्षांच्या वर नुसतं उभं होतं. २०१३ मध्ये युनियन पॅसिफिकने ते परत मिळवलं, पार्किंग लॉटवर तात्पुरते रूळ टाकत टाकत बाहेर काढलं, २०१४ मध्ये शायेनला आणलं, आणि मे २०१९ मध्ये, अमेरिकेचा पहिला आरपार रेल्वेमार्ग पूर्ण झाल्याला १५० वर्षं झाली त्या कार्यक्रमाला, ते स्वतःच्या वाफेवर ऑग्डनला पोचलं. आता ते कोळशाऐवजी तेलावर चालतं. तेलाचा प्रयोग १९४६ मध्ये डेन्व्हरवाल्या ४००५ वर पण केला होता, तेव्हा भट्टी सगळीकडे सारखी तापेना म्हणून सोडून दिला.

दौऱ्याच्या तारखा युनियन पॅसिफिकच्या साइटवर येतात, त्यात कुठल्या गावी किती वाजता थांबणार ते असतं, आणि दौरा चालू असताना इंजिन कुठे आहे त्याचा लाइव्ह मॅप पण असतो. दरवर्षी मोठा दौरा असेलच असं नाही आणि वेळा मागे-पुढे होतात, म्हणून लांबून विमानाने जायचं असेल तर दोन दिवस हाताशी ठेवा. बहुतेक दौऱ्यांत आपल्याला बसायला तिकीट नसतं, बघायचंच असतं. छोट्या गावातला थांबा पंधरा-वीस मिनिटांचा आणि गर्दी तुफान, मोठ्या शहरात मात्र एक-दोन दिवस उभं करून ठेवतात. मुलं बरोबर असतील तर तो दिवस निवडा, निवांत असतं.

जागा निवडताना एकच नियम: चढ शोधा. सपाटीवर किंवा उतारावर इंजिन जवळजवळ झोपेत चालतं, फुसफुस करत जातं आणि लोक नाराज होतात. चढावर खरं काम करतं. शायेन आणि लॅरामीच्या मधला शर्मन हिल त्यासाठी प्रसिद्ध, ८,००० फुटांच्या वर जातो. डेन्व्हरहून शायेन दोन तासांच्या आत. आणि चढावर वळण मिळालं तर सोन्याहून पिवळं, मघाशी सांगितलेला बॉयलर बाहेर लटकताना दिसेल. पाठलाग करायचाच असेल तर एकदा बघून झालं की पुढचे सगळे स्पॉट पकडायच्या नादाला लागू नका, हायवेवर अख्खा जमाव तेच करत असतो, ड्रायव्हर लोक एका हाताने व्हिडिओ काढत असतात, ते जाम डेंजर आहे. एकच जागा धरा आणि तास-दीड तास आधी जाऊन बसा.

रुळांपासून २५ फूट लांब, हा रेल्वेचाच नियम आहे. तिकडे रूळ आणि बाजूची जमीन रेल्वेच्या मालकीची असते, रूळ ओलांडायची आपली सवय घरीच ठेवा, पोलीस खरंच पावती फाडतात. शिवाय सगळे बिग बॉयकडे बघत असताना दुसऱ्या रुळावरून मालगाडी कधी आली ते कळतही नाही.

कान उघडे ठेवा

लांबून आधी शिट्टी येईल. फाटक आलं की दोन लांब, एक छोटी, परत एक लांब. मग छुक-छुक. तो आवाज कशाचा? सिलिंडरमधून काम करून बाहेर पडलेली वाफ चिमणीतून वर फेकतात त्याचा. आणि ती वर जाताना भट्टीतली हवा खेचून घेते, म्हणजे इंजिन जितका जोर लावेल तितकी आग आपोआप जास्त भडकेल. ना कॉम्प्युटर ना सेन्सर. मला विचाराल तर अख्ख्या इंजिनात याहून सुंदर काही नाही.

बिग बॉयची गंमत पुढे आहे. चाकांचा एक संच एका फेऱ्यात चार वेळा छुक करतो. संच दोन, आणि ते एकमेकांना बांधलेले नाहीत, त्यामुळे कधी दोघांचे ठोके एकावर एक पडतात आणि चार जबरदस्त धक्के ऐकू येतात, मग एखादा संच किंचित घसरतो, हळूहळू ठोके फाटत जातात आणि आठ हलके ठोके ऐकू यायला लागतात, परत थोड्या वेळाने जुळतात. उभं राहून फक्त हे ऐकायला पाहिजे, व्हिडिओत नीट येत नाही. फोन खिशात ठेवा.

काळा धूर म्हणजे ताकद हा गैरसमज आहे. काळा धूर म्हणजे न जळलेलं इंधन, चांगल्या फायरमनच्या चिमणीतून हलका करडा धूर निघतो. मध्येच एकदम काळाकुट्ट लोट आला तर बहुतेक त्यांनी भट्टीत वाळू टाकलेली असते, ती नळ्यांमधली काजळी खरवडून बाहेर काढते. फोटोवाल्यांना खूश करायला पण कधी कधी मुद्दाम धूर करतात, तो भाग वेगळा.

मागे एक डिझेल इंजिन जोडलेलं दिसेल आणि शेजारचा कोणीतरी "हे काय, डिझेलच ढकलतंय" म्हणून नाक मुरडेल. ते असतं ब्रेकिंगला मदत म्हणून, आणि वाटेत काही बिघडलं तर हाताशी. ज्यांना शंका आहे त्यांनी २०२३ ची गोष्ट आठवावी, नेब्रास्कात ब्लेअरजवळ एक मालगाडी चढावर अडकली होती, तिला ४०१४ ने मागून ढकलून वर चढवलं. ऐंशी ओलांडलेलं इंजिन, आणि त्या दिवशी बँकर झालं.

सुटताना फार जवळ उभे राहू नका. थांबलेल्या सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साचलेलं असतं, ते तसंच राहिलं आणि पिस्टन सरकला तर सिलिंडरचं झाकण फुटेल, म्हणून सुरुवातीला खालच्या झडपा उघडून ते बाजूला फेकतात, मोठ्ठा फवारा येतो आणि कॅमेऱ्याची काच धुरकट होते. लहान मुलांच्या कानाला काहीतरी लावा, शिट्टी जवळून सहन होत नाही. वारा ज्या बाजूने येतोय त्याच बाजूला उभं राहा आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका, चिमणीतून काळे थेंब उडतात आणि ते तेलकट असतात, धुण्याने निघत नाहीत.